आर्सेनलचे तीन प्लेयर घ्यायचे तर कुठले? दुकानाच्या एफपीएल (फॅन्टसी प्रीमियर लीग) लीगमधल्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

छापलं: 24 नोव्हेंबर 2025, गेमवीक 12 (लीगचा बारावा आठवडा) मधली आर्सेनलची मॅच झाल्यावर

मंडळी, काल रात्री एझेनं टॉटनहॅमला तीन गोल मारले आणि आज सकाळपासून काउंटरवर एकच प्रश्न चाललाय, एझे घेऊ का. बूट घ्यायला आलेला पण तेच विचारतोय, बॉलमध्ये हवा भरायला आलेला पण तेच. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर टीम तुमची आहे.

आमचं मत आधीच सांगतो. एफपीएलमध्ये, म्हणजे ठराविक मिलियनच्या बजेटमध्ये प्रीमियर लीगच्या प्लेयरांची टीम करून त्यांच्या खऱ्या खेळावर पॉईंट मिळवायच्या गेममध्ये, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन प्लेयर घेता येतात आणि आर्सेनलच्या त्या तीन जागांमधल्या दोन मागच्या माणसांना द्या. तिसरी राईसला. साका, ग्योकेरेस, एझे ही सगळी नावं मोठी आहेत, मॅच बघायला मजा येते, पण पॉईंटचा हिशोब मांडला की पैसा मागे लावलेला बरा असं दिसतं.

का ते बघा. 12 मॅच झाल्या, 29 पॉईंट, आर्सेनल टॉपला. गोल केले 24, खाल्ले फक्त 6, आणि 12 पैकी 7 मॅचमध्ये क्लीन शीट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही. ते 24 गोल पण एकदोघांनी मारलेले नाहीत, कधी कालाफिओरी, कधी टिंबर, कधी झुबिमेंडी, कधी ट्रोसार्ड, म्हणजे या आठवड्यात कोण मारणार हे कोच आर्टेटाला तरी माहीत असतं की नाही देव जाणे. क्लीन शीट आली की मात्र मागच्या सगळ्यांना एकदम मिळते.

नवीन मेंबरांसाठी पॉईंट पटकन सांगतो, जुन्यांनी हा पॅरा सोडा. 60 मिनिटं खेळला की 2, त्याच्या आत बाहेर गेला तर 1. गोल डिफेंडरला 6, मिडफिल्डरला 5, स्ट्रायकरला 4. असिस्टला सगळ्यांना 3. क्लीन शीटला गोलकीपर आणि डिफेंडरला 4, मिडफिल्डरला 1, स्ट्रायकरला काहीच नाही. यलो कार्डला 1 जातो, रेडला 3. आणि यंदापासून डेफकॉन आलंय, म्हणजे डिफेंडरनं क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल सगळं मिळून एका मॅचमध्ये 10 केले की 2 पॉईंट जादा. मिडफिल्डर आणि स्ट्रायकरला तेच 12 लागतात, पण त्यांची बॉल रिकव्हरी पण मोजतात.

फुलहॅमच्या मॅचचा हिशोब

18 ऑक्टोबरची मॅच आठवा, फुलहॅमच्या घरी, 1-0. साकानं कॉर्नर टाकला, गॅब्रिएलनं डोकं लावून बॉल पुढं ढकलला आणि ट्रोसार्डनं जवळून आत घातला. आता 10 मिलियनला सुरू झालेल्या साकाला त्या गोलचं काय मिळालं? काही नाही. असिस्ट गॅब्रिएलचा. साकाला मिनिटांचे 2 आणि क्लीन शीटचा 1, आणि 6 मिलियनला सुरू झालेल्या गॅब्रिएलला 2 अधिक 4 अधिक 3, बोनस धरायच्या आधीच 9. पुढं 1 नोव्हेंबरला बर्नलीत परत तेच, यावेळी कॉर्नर राईसचा, दुसऱ्या पोस्टवरून गॅब्रिएलनं हेडर मारून बॉल परत समोर दिला आणि ग्योकेरेसचा गोल. टाकणाऱ्याला काही नाही.

हे चुकून होत नाही. सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरे) कोच निकोला योव्हेर 2021 साली मँचेस्टर सिटीतून इकडं आला आणि त्यानं कॉर्नर हा धंदाच करून टाकलाय, उजवीकडून डाव्या पायाचा साका आणि डावीकडून उजव्या पायाचा राईस, दोघांचेही बॉल गोलकीपरच्या अंगावर वळत येणारे, आत गर्दी, आणि बऱ्याचदा पहिला हेडर गोलसाठी नसतोच, दुसऱ्याला बॉल द्यायला असतो. म्हणून कॉर्नर टाकणाऱ्यापेक्षा डोकं लावणारा घ्या. कॉर्नर टाकतो म्हणून अमका घेतला असं कुणी सांगितलं की आम्ही त्याला फुलहॅमची मॅच सांगतो.

पण गॅब्रिएल तर गेला ना

हो, हीच पंचाईत आहे. 15 नोव्हेंबरला ब्राझील-सेनेगल फ्रेंडली होती, ती पण एमिरेट्सवरच, म्हणजे स्वतःच्याच ग्राउंडवर, आणि तिथं मांडीला लागलं. न्यूकॅसलच्या घरी 96 व्या मिनिटाला मॅच काढणारा माणूस, आणि गेला फ्रेंडलीत. आता काही आठवडे तरी नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांनी विकून टाका, 6 मिलियन बेंचवर बसवून ठेवायची गरज नाही, बरा झाला की परत घेता येईल.

त्याच्या जागी काल हिन्कापिए खेळला, लेव्हरकुसेनकडून लोनवर आलेला, बरा खेळला, पण गॅब्रिएल आला की हा बाहेर बसणार हे उघड आहे त्यामुळं त्याच्यावर ट्रान्सफर (प्लेयर बदलायची संधी) घालवू नका. आमची पहिली पसंती टिंबर. 5.5 ला सुरू झालेला राईट बॅक, लीड्सला 5-0 मारलं त्यात याचे दोन गोल होते, आणि कॉर्नरला तो पण आत जाऊन उभा राहतो. दुसरी पसंती सलिबा. गोल-असिस्टच्या बाबतीत सलिबा म्हणजे सरकारी नोकरी, मोठं काही घडत नाही पण पगार वेळेवर येतो. कालाफिओरी पुढं लई जातो, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पहिल्याच मॅचला याचा गोल होता, पण कार्डं पण तशीच खातो आणि बऱ्याचदा शेवटची वीस मिनिटं बाहेर असतो. क्लीन शीट 60 मिनिटांवर पक्की होते म्हणून ते चालतं म्हणा, ज्याला थोडा जुगार आवडतो त्यानं घ्यावा.

राया? गोलकीपर म्हणून उत्तम, 2023-24 ला 16 क्लीन शीट घेऊन गोल्डन ग्लोव्ह (सगळ्यात जास्त क्लीन शीटचं बक्षीस), गेल्या मोसमात 13 घेऊन परत, तेव्हा फॉरेस्टच्या सेल्ससोबत वाटून. पण दर 3 सेव्हला 1 पॉईंट मिळतो आणि आर्सेनलवर शॉटच इतके कमी येतात की रायाला ते पॉईंट फारसे मिळत नाहीत, त्यात गोलकीपरला डेफकॉन नाही. त्याच 5.5 मध्ये टिंबर गोल पण मारतो. म्हणून राया तिसरा, आणि तो पण राईस नको असेल तरच.

एक मात्र मान्य करायला पाहिजे, डेफकॉनच्या पॉईंटसाठी आर्सेनलचे डिफेंडर घेऊ नका. बॉल सगळा वेळ यांच्याकडंच असतो, मग क्लिअर काय करणार. ते पॉईंट पाहिजे असतील तर एव्हर्टनचा टार्कोव्स्की किंवा बोर्नमथचा सेनेसी असली दिवसभर बॉल हाणणारी माणसं घ्या. आर्सेनलचे क्लीन शीट आणि हेडरसाठी. मागचे दोन सामने सोडा, संडरलंडला 2-2 झालं आणि काल रिचार्लिसननं कुठनं लांबनं उचलून मारला, असले गोल दर आठवड्याला बसत नाहीत.

राईस आणि पुढची मंडळी

राईस 6.5 ला सुरू झाला. डावीकडचे कॉर्नर, फ्री किक, वेस्ट हॅम आणि बर्नलीला एकेक गोल, रिकव्हरी भरपूर म्हणून डेफकॉनची पण आशा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो खेळतो. आर्टेटाच्या टीममध्ये कोण खेळणार हे शुक्रवारी कळत नाही, राईसचं कळतं.

साका चांगलाच आहे, वाद नाही. 2023-24 ला लीगमध्ये 16 गोल, पेनल्टी त्याच्याच. पण गेल्या वर्षी डिसेंबरात हॅमस्ट्रिंग गेली ती थेट 1 एप्रिलला परत आला, यंदा ऑगस्टात लीड्सविरुद्ध परत हॅमस्ट्रिंग. आता फिट आहे. ज्यांच्याकडं आहे त्यांनी ठेवा, मुद्दाम टीम मोडून कुणी घेऊ नका, विशेषतः मँचेस्टर सिटीचा हालांड असताना, कारण कॅप्टन (ज्याचे पॉईंट डबल होतात तो) तुम्ही हालांडलाच करणार आहात, 12 आठवड्यांत 14 गोल मारलेत त्यानं, आणि मग साकाचे महागडे पॉईंट डबल पण होणार नाहीत.

ग्योकेरेस पोर्तुगालात गेल्या मोसमात लीगमध्ये 39 गोल मारून आला. इथं प्रीमियर लीगमध्ये आत्तापर्यंत 4, बर्नलीत हाफ टाइमला बाहेर गेला तो अजून आलेला नाही. 9 मिलियन. साका टीममध्ये असला की पेनल्टी पण नाही. सध्या नको.

त्याच्या जागी मेरिनो स्ट्रायकर खेळतोय, आणि ही खरी गंमत आहे कारण गेममध्ये तो मिडफिल्डर म्हणून आहे, म्हणजे गोलला 4 ऐवजी 5 आणि क्लीन शीटचा 1 वरून. काल ट्रोसार्डच्या गोलला पास त्याचाच. ग्योकेरेस येईपर्यंत दोन-तीन आठवड्यांसाठी घ्यायला झकास माणूस, फक्त दुसऱ्या ट्रान्सफरची तयारी ठेवून घ्या. ओडेगार्डचं यंदा काय सांगायचं, सुरुवातीपासून खेळलेल्या लागोपाठ तीन लीग मॅचमध्ये हाफ टाइमच्या आधीच बाहेर जावं लागलं, असं प्रीमियर लीगमध्ये आधी कुणाचं झालं नव्हतं. हावर्ट्झ आणि जेझुस गुडघ्यानं अडकलेत. त्यांचा विचारच नको.

आता एझे. नॉर्थ लंडन डर्बीत हॅट्रिक, 1978 नंतर पहिली, ती पण ज्या टॉटनहॅममध्ये तो ऑगस्टात जवळजवळ गेलाच होता त्यांच्याविरुद्ध. भारीच. पण कालच्या आधी 11 आठवड्यांत त्याचा लीगमध्ये गोल होता एक, पॅलेसविरुद्ध. 4 पैकी 3 गोल एका रात्रीत. आज रात्री भाव वाढणार, सगळे धावणार, आणि ओडेगार्ड परत आला की त्याची जागा तीच राहील का हे कोणी सांगू शकत नाही. ज्याच्याकडं रिकामी ट्रान्सफर आहे आणि मिडफिल्डमध्ये कुणीतरी जखमी आहे त्यानं खुशाल घ्यावा, पण त्याच्यासाठी 4 पॉईंटचा हिट (फ्री ट्रान्सफर संपल्यावर जादा बदल केला की कापले जाणारे पॉईंट) घेऊ नका.

पुढच्या मॅच

30 नोव्हेंबर चेल्सी बाहेर, त्याच्या आधी बुधवारी बायर्न, म्हणजे पाय दमलेले. 3 डिसेंबर ब्रेंटफर्ड घरी. 6 डिसेंबर व्हिला बाहेर. मग 13 डिसेंबरला वुल्व्ज घरी, ज्यांचे 12 मॅचमध्ये 2 पॉईंट आहेत. कुठला कॅप्टन आर्सेनलचा करायचा असेलच तर तो आठवडा. पुढं एव्हर्टन बाहेर, ब्रायटन घरी, व्हिला घरी. म्हणजे आज घाई करून चेल्सीसाठी तिघं भरण्यात अर्थ नाही, ब्रेंटफर्डपासून भरत जा आणि वुल्व्जच्या आधी तीन पुरे करा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतायत. 21 डिसेंबरपासून आफ्रिका कप आहे मोरोक्कोत, लिव्हरपूलचा सालाह जाणार, मँचेस्टर युनायटेडचा एमबेउमो जाणार, आणि आर्सेनलचे हे आपण वर बोललो त्यातलं कोणीच जाणार नाही. त्यासाठी गेमवीक 16 ला सगळ्यांच्या फ्री ट्रान्सफर 5 पर्यंत भरून मिळणार आहेत, म्हणून त्याच्या आधी ट्रान्सफर साठवून ठेवण्यात काही फायदा नाही, वापरून टाका. आणि चिपांचा, म्हणजे मोसमात मोजक्या वेळाच वापरता येणाऱ्या खास सवलतींचा, पहिला सेट गेमवीक 19 च्या पुढं चालत नाही. वाईल्डकार्ड, बेंच बूस्ट, ट्रिपल कॅप्टन, फ्री हिट, जे राहिलंय ते 30 डिसेंबरपर्यंत वापरा, जानेवारीत नवीन सेट मिळतोच.

दुकानाच्या लीगबद्दल

एन्ट्री फी नाही, कधीच नव्हती. ऑगस्टात केंद्राचा कायदा झाल्यापासून पैसे लावून ऑनलाईन गेम बंद झालेत, त्यामुळं "पन्नास-पन्नास काढूया की" म्हणणाऱ्यांनी ते दुकानात बोलू नये ही विनंती. 24 मे 2026 ला मोसम संपला की पहिल्या तिघांना जर्सी आमच्याकडून, नंबर-नाव छापून. लीग गेमवीक 1 पासूनच मोजतोय, उशिरा आलेल्याचे पण आधीचे पॉईंट धरले जातात.

डेडलाईन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी असते, आणि ऑक्टोबर शेवटी इंग्लंडची घड्याळं मागं गेल्यापासून आपल्याकडं सगळं एक तास उशिरा आलंय. 6 डिसेंबरची व्हिलाची मॅच दुपारची आहे, त्यामुळं डेडलाईन आपली संध्याकाळी साडेचार. त्यावेळी शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघत बसणाऱ्यांनी टीम सकाळीच सेव्ह करून ठेवा.

लीगचा कोड काउंटरच्या काचेवर चिकटवलाय, शिनगार्डच्या रॅकशेजारी. कोड आपल्या गिऱ्हाइकांसाठीच आहे, फोटो काढून तालमीच्या ग्रुपवर टाकू नका.