मिश्रणांचे पृथक्करण

मिश्रणांचे पृथक्करण : रासायनिक संयोग न होता एकत्र आलेले पदार्थ, त्यांचे मूळ गुणधर्म न बदलता, एकमेकांपासून वेगळे करण्याच्या भौतिक पद्धती. कणांचा आकार, घनता, चुंबकीय गुण, विद्राव्यता, उत्कलनबिंदू यांपैकी ज्या गुणात घटकांत ठळक फरक असेल, त्या गुणावरून पद्धत ठरते. निवडणे, पाखडणे, उफणणे, चाळणे या क्रिया सर्वांच्या परिचयाच्या आहेत. प्राथमिक विज्ञानात खरी अडचण येते ती पद्धतींच्या क्रमाची, आणि पृथक्करण कितपत पूर्ण झाले हे ओळखण्याची.

क्रमाचे महत्त्व रेती, मीठ, नवसागर (अमोनियम क्लोराइड) व लोहकीस यांच्या मिश्रणावरून स्पष्ट होते. रेती व मीठ प्रत्येकी ५ ग्रॅ. आणि नवसागर व लोहकीस प्रत्येकी २ ग्रॅ. घ्यावा. मिश्रण कोरडे असतानाच लोहचुंबक फिरवून कीस काढून घ्यावा, कारण ओलावा लागल्यावर तो गंजू लागतो व रेतीला चिकटतो. चुंबक कागदात गुंडाळलेला असावा. कागद सोडवला की कीस आपोआप खाली पडतो. उघड्या चुंबकाला चिकटलेला कीस मात्र पूर्णपणे निघत नाही. मुंबई व कोकण परिसरातील रेती वापरताना एक विशेष काळजी घ्यावी लागते. येथील खडक मुख्यतः बेसाल्ट असून त्याच्या झिजेतून आलेल्या रेतीत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण असतात व तेही चुंबकाला चिकटतात. त्यामुळे २ ग्रॅ. कीस घालून त्याहून अधिक वजन हाती येऊ शकते. रेतीवरून आधी स्वतंत्रपणे चुंबक फिरवून घेतल्यास हा दोष टळतो.

यानंतर संप्लवन, म्हणजे घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ करणे. उरलेले मिश्रण चिनीमातीच्या बशीत घेऊन त्यावर नरसाळे उपडे ठेवतात, नळीच्या तोंडाला कापसाचा सैल बोळा लावतात व मंद आच देतात. नरसाळ्याच्या थंड भागावर नवसागराचा पांढरा थर बसतो. बोळा घट्ट असल्यास आतली तापलेली हवा नरसाळे उचलून बाहेर पडते व वाफ वाया जाते. काटेकोरपणे पाहता नवसागर तापल्यावर त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड या वायूंत विघटन होते आणि थंड भागावर ते पुन्हा संयोग पावतात. म्हणून या उदाहरणाला निव्वळ भौतिक बदल म्हणता येत नाही. कापूर हे त्याहून निर्दोष उदाहरण होय, परंतु तो पेट घेतो, म्हणून तो गरम पाण्याच्या भांड्यावर तापवावा. संप्लवन पाणी घालण्यापूर्वीच करावे लागते, कारण मीठ व नवसागर दोन्ही पाण्यात विरघळतात आणि मग त्यांना वेगळे करणे अवघड होते.

शेवटी मीठ व रेती. साधारण तापमानाला १०० मिलि. पाण्यात सु. ३६ ग्रॅ. मीठ विरघळते, म्हणजे ५ ग्रॅ. मिठाला १४ मिलि. पाणी पुरते, ढवळण्याच्या सोयीसाठी २० मिलि. घ्यावे. गाळणकागद चौघडी करून नरसाळ्यात बसवावा, पाण्याने भिजवून काचेला चिकटवावा, आणि द्रवाची पातळी कागदाच्या कडेखाली निदान अर्धा सेंमी. राहील इतकेच ओतावे. पातळी वर गेली की कागद व काच यांच्या फटीतून गढूळ द्रव उतरतो. गाळून झाल्यावर रेतीवर ५–५ मिलि. पाणी दोनदा घालावे. हा टप्पा वगळल्यास रेतीत अडकलेले मीठ रेतीच्या वजनात मोजले जाते. गाळलेला द्रव आटवताना तो दाट झाला की मीठ तडतडून बाहेर उडते, म्हणून तेव्हा आच कमी करावी किंवा बशी वाफेवर ठेवावी. साखरेच्या पाण्याला ही पद्धत लागू पडत नाही: पाणी संपत आले की साखर करपू लागते.

गढूळ पाणी स्थिर ठेवले की रेती काही सेकंदांत तळाशी बसते, पण चिकणमातीचे सूक्ष्म कण कित्येक दिवस तरंगत राहतात. हे कण ऋणभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे हा भार कमी होतो, हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात व माती त्यांत अडकून खाली बसते. तुरटी अत्यल्प लागते. ती जोराने थोडा वेळ व नंतर हळूहळू ढवळणे महत्त्वाचे, कारण सतत जोराने ढवळल्यास बनलेले पुंजके फुटतात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा आदी तलावांतून येणाऱ्या पाण्यावर भांडुप येथील केंद्रात याच तत्त्वाने प्रक्रिया होते : ॲल्युमिनियमचा क्षार, निवळण, वाळूचे गाळणथर व अखेर क्लोरीन. क्लोरीनची पायरी पृथक्करणाची नव्हे, निर्जंतुकीकरणाची आहे. गाळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी ही समजूत वर्गात आवर्जून दूर करायला हवी. भारतात पाणी निवळण्याचे ज्ञान जुने आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत कतक म्हणजे निवळीचे बी आणि वस्त्र यांचा उल्लेख येतो. या संहितेच्या सध्याच्या पाठाचा काळ मात्र विवाद्य आहे.

बाष्पीभवन व स्फटिकीकरण यांचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणजे मुंबई व परिसरातील मिठागरे (मुलुंड, भांडुप, वडाळा, भाईंदर). एक लिटर समुद्रजलात सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात व त्यांत खाण्याचे मीठ सु. २७ ग्रॅ. असते. पाणी आटत जाताना क्षार एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, त्यानंतर जिप्सम आणि पाणी मूळ आकारमानाच्या सु. एक-दशांश उरले की मीठ साचू लागते. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवतात आणि बोमे मापकावर (द्रवाची घनता दाखवणाऱ्या मापकावर) सु. २५ अंश आल्यावर ते मीठ धरण्याच्या वाफ्यात घेतात. उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते वेळीच काढून टाकले नाही तर मीठ कडवट होते व ओल धरते. वर्गात समुद्राचे पाणी पूर्ण सुकवतात तेव्हा नेमके हेच घडते. शुद्ध मीठसुद्धा सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांवर गेली की पाणी शोषून विरघळू लागते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात बशीतले मीठ उघड्यावर कोरडे राहत नाही. हा प्रयोग हिवाळ्यात किंवा एप्रिल–मेमध्ये घेणे श्रेयस्कर. मिठाची विद्राव्यता तापमानाबरोबर फारशी बदलत नाही, म्हणून द्रव थंड करून त्याचे स्फटिक मिळत नाहीत. त्यासाठी तुरटी किंवा मोरचूद घ्यावे.

ऊर्ध्वपातनात द्रवाची वाफ करून ती थंड करतात. चंबू निम्म्याच्या थोडा वरपर्यंतच भरावा व त्यात काचेचे किंवा मातीच्या भांड्याचे तुकडे टाकावेत. नाहीतर द्रव अचानक उसळून संघनकात (वाफ थंड करणाऱ्या दुहेरी नळीत) जातो. तापमापकाचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर असावा, द्रवात बुडू नये. संघनकाला थंड पाणी खालून देऊन वरून बाहेर काढतात. वरून दिल्यास बाहेरची नळी पूर्ण भरत नाही. हे उपकरण जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिक यांच्या नावाने ओळखले जाते, परंतु त्यांच्या कितीतरी आधी, १७७१ मध्ये, वायगेल यांनी अशा संघनकाचे वर्णन केले होते. उत्कलनबिंदूंत सु. २५° से. पेक्षा कमी अंतर असल्यास साधे ऊर्ध्वपातन अपुरे ठरते व भागशः ऊर्ध्वपातन (स्तंभात वाफ होणे व थंड होणे पुनःपुन्हा घडवणारी पद्धत) करावे लागते. माहुल येथील १९५४ व १९५५ मध्ये सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत खनिज तेलाचे घटक असेच वेगळे केले जातात.

ऊर्ध्वपातनाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अलेक्झांड्रियातील किमयाकारांना, विशेषतः मारिया हिला, श्रेय देण्याची परंपरा झोसिमस या किमयाकाराच्या लेखनावर (इ. स. सु. ३००) आधारलेली आहे. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मार्शल यांनी एका ऊर्ध्वपातन यंत्राची मांडणी सुचवली. पुढे पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये चारसद्द्याजवळील (आता पाकिस्तानात) शेखान ढेरी येथील भांड्यांच्या आधारे, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात हे तंत्र ख्रिस्ती सनाच्या आरंभाच्या आसपास प्रचलित असावे असे प्रतिपादन केले. तक्षशिलेच्या मांडणीतील सर्व भाग एकाच संचाचे होते असे निश्चितपणे म्हणता येत नाही. तरीही हे तंत्र एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे विकसित झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सामान्यतः तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चय या ग्रंथात तिर्यक्पातन यंत्र येते. त्यात दोन घट तिरप्या नळीने जोडलेले असून दुसरा घट थंड ठेवतात. पारा शुद्ध करणे हा त्याचा हेतू होता.

न मिसळणारे द्रव, उदा., रॉकेल व पाणी, विलगकारी नरसाळ्याने वेगळे करतात. खालची तोटी उघडण्यापूर्वी वरचे बूच काढले नाही तर पाणी अडखळत येते. दोन थरांच्या सीमेवरचा थोडा भाग वेगळा काढावा. साबणाचा अंश असल्यास पायस (एका द्रवाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले मिश्रण) बनते व थर पडायला फार वेळ लागतो.

रंगद्रव्यांसाठी कागदावरील वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) वापरतात; त्यात द्रवाबरोबर रंग कमीअधिक अंतर सरकून वेगळे होतात. या पद्धतीच्या स्तंभरूपाचे (कागदाऐवजी शोषक पदार्थाने भरलेली नळी वापरणाऱ्या प्रकाराचे) जनक म्हणून सामान्यतः रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत (१९०३–०६) यांचा उल्लेख होतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी शोषक कागदावर रंग पसरवून पाहिले होते. ती पूर्वपीठिका मानणे योग्य होय. गाळणकागदाच्या पट्टीवर खालून २ सेंमी. अंतरावर पेन्सिलीने रेघ ओढून तिच्यावर काळ्या स्केचपेनचा बारीक ठिपका देतात, तो सुकल्यावर दुसऱ्यांदा देतात आणि पट्टी १ सेंमी. पाण्यात उभी लोंबकळत ठेवतात. ठिपका पाण्यात बुडाला तर रंग वर न चढता भांड्यातच उतरतो. ठिपका मोठा असला तर पट्टे एकमेकांत मिसळतात. रेघ पेनाने ओढल्यास तिच्या शाईतील रंगही पट्टीवर चढतात. न पुसल्या जाणाऱ्या मार्करची शाई पाण्यात विरघळत नसल्याने तिच्यासाठी स्पिरिट घ्यावे व भांड्यावर झाकण ठेवावे, कारण उघड्या भांड्यात स्पिरिट पट्टीच्या टोकाला पोचण्याआधीच उडून जाते.