प्रशिक्षण झालं, पुढे काय? शिक्षक-कोचिंगविषयी शाळांसाठी माहितीपत्रक

इन्स्ट्रक्शनल कोचिंग, म्हणजे शिक्षकांचा तास पाहून त्यांच्याकडून शिकवण्याचा सराव करून घेणं, आपल्या शाळेत कसं चालेल आणि कुठे फसतं, हे मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना आमच्याशी करार करण्याआधीच कळावं म्हणून हे पत्रक. ‘कोचिंग’ म्हटलं की दहावी-बारावीचे क्लास डोळ्यांसमोर येतात. इथे शिकणारे शिक्षक आहेत आणि शिकण्याची जागा त्यांचाच वर्ग. त्यामुळे पुढे ‘कोच’साठी आम्ही ‘मार्गदर्शक’ हाच शब्द वापरला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. हे तास बहुधा सभागृहात किंवा मोबाइलवर भरतात. तिथलं पटतं, वहीतही उतरतं. पण सोमवारी ४५ मुलांसमोर उभं राहिलं की तास जुन्याच वळणाने जातो. यात आळसाचा भाग नाही. वर्ग सांभाळत असताना नवं काही आठवून करायला उसंत नसते. ते आधीच तोंडात बसलेलं असावं लागतं.

एक फेरी कशी असते

मार्गदर्शक तासाआधी १० मिनिटं शिक्षकांशी बोलतात, मागच्या बाकावर बसून २० मिनिटं तास पाहतात आणि त्याच दिवशी २५ मिनिटं दोघं एकत्र बसतात. पुढची फेरी आठवड्याने, फार तर पंधरवड्याने. अशा सहा ते आठ फेऱ्या.

तास पाहताना मार्गदर्शकाच्या हातात बैठकव्यवस्थेचा कागद असतो, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ. प्रश्न संपल्यापासून पहिलं उत्तर येईपर्यंत किंवा शिक्षक पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद गेले, तेही लिहायचं. ‘छान’, ‘कमी’, ‘सुधारणा हवी’ असे शेरे या कागदावर येत नाहीत. रेघा पुढच्या दोन बाकांवर दाटलेल्या आणि मागे कोरे चौकोन, हे शिक्षकांना स्वतःलाच दिसतं.

सेकंदांची नोंद उगाच नाही. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात. थांबणं ३ सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

समजा, पाचवीत अपूर्णांक चालू आहेत. ‘१/२ मोठा की १/३?’ पुढच्या बाकावरून ‘१/२’ असा आवाज येतो, बाई ‘शाब्बास’ म्हणतात आणि तास पुढे सरकतो. मागे किती जणांनी ‘३ मोठा, म्हणून १/३ मोठा’ असं धरलंय, ते कळतच नाही. इथे बदल एकच: प्रश्न विचारायचा, मनात तीन आकडे मोजायचे, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी पालथी धरायची आणि ‘दाखवा’ म्हटल्यावरच वर करायची. छातीशी धरणं विसरलं तर शेजारची पाटी पाहून उत्तर खोडलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते.

फेरीचा गाभा यानंतर येतो. रिकाम्या वर्गात शिक्षक हीच सूचना मोठ्याने, उभं राहून, तीन-चार वेळा म्हणून पाहतात. मार्गदर्शक मुद्दाम चुकीची पाटी दाखवणारं मूल होतात. पहिल्यांदा संकोच वाटतो, विशेषतः वीस वर्षं शिकवलेल्यांना. म्हणून आमचे मार्गदर्शक आधी स्वतः करून दाखवतात. सरावाची ही दहा मिनिटं गाळली की उरते ती नुसती चर्चा, आणि चर्चेने सवय बदलत नाही.

कुठे फसतं

सर्वांत मोठं कारण भीती. नोंदीचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर किंवा गोपनीय अहवालात गेला की पुढच्या वेळी खास बसवलेला, आधी पाठ करून घेतलेला तास पाहायला मिळतो. त्यामुळे कागद शिक्षकांकडेच राहतो आणि आम्ही प्रतही ठेवत नाही. शाळेला कळतं ते एवढंच: किती फेऱ्या झाल्या आणि कोणत्या कौशल्यावर काम चालू आहे. ही अट मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही.

दुसरं, एका वेळी आठ सूचना. शिक्षक सगळ्या लिहून घेतात आणि एकही करत नाहीत.

तिसरं, विस्ताराची घाई. ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोचिंगमुळे शिकवण्यात स्पष्ट सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांतही दिसली पण त्याहून कमी. आणि कार्यक्रम मोठा झाला तसा परिणाम ओसरला. म्हणून एका मार्गदर्शकाकडे दहा-बारापेक्षा जास्त शिक्षक आम्ही देत नाही. सहा फेऱ्यांत निकाल वाढेल असं आश्वासनही देत नाही. सवयी बदललेल्या मात्र रेघांच्या कागदावर दिसायला हव्यात.

सुरुवातीआधी शाळेकडून

वेळापत्रकात पाहिलेल्या तासाला लागूनच त्या शिक्षकांचा मोकळा तास हवा आणि त्यावर बदली तास लावू नये. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सराव होत नाही. स्नेहसंमेलन, घटक चाचणी, निवडणुकीचं काम यांच्या तारखा आधी कळवल्या तर फेऱ्या त्याप्रमाणे मागेपुढे करता येतात. एकदा तीन आठवड्यांचा खंड पडला की बहुतेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चित्रीकरण करायचं ठरलं तर ते शिक्षकांच्याच मोबाइलवर, पालकांची परवानगी घेऊन, आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर कधीच नाही. पहिल्या तुकडीसाठी स्वतःहून तयार होणारे चार-पाच शिक्षक निवडावेत. ‘कच्चे’ म्हणून कोणाला पाठवू नये, नाहीतर स्टाफरूममध्ये हे काम शिक्षा म्हणून ओळखलं जातं.