‘साभार परत’ कुठे गेलं?

गेल्या दिवाळीआधी दिवाळी अंकांसाठी आलेल्या साहित्याची निवड चालू असताना आमच्या पुण्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कवितेचा फोटो आला. फुलस्केप कागद, निळी शाई, जपून काढलेलं वळणदार अक्षर, खाली पूर्ण पत्ता आणि ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याखाली कवीचं नाव अर्धंच झाकलं होतं. वर ओळ होती, ‘आजचा प्रसाद’. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नाकारलेल्या कवितेची ती टिंगल होती. मला ते बघवलं नाही. साहित्य नाकारणं या शहराला नवं नाही, पण असं नाकारणं नवं आहे.

पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत त्यातला काही पैसा मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळला आणि दक्षिणा प्राइझ कमिटी आली. लेखकानं लिखाण पाठवायचं, कमिटीनं पसंत-नापसंत ठरवायचं. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीनं नाकारलं. ही हकीकत लोकांपुढे आणली ती खुद्द फुल्यांनी, १८७३ च्या ‘गुलामगिरी’त, आणि कमिटीतल्या भट सभासदांना त्यांनी त्याबद्दल जबाबदार धरलं. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपलं लिखाण नाकारलं गेलं हे चारचौघांत सांगायचं की नाही, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे लेखकानं ठरवलं.

टीका तेव्हाही जहरी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत लोकहितवादी, फुले यांच्यावर जे कोरडे ओढले ते आजही वाचताना बोचतात. पुढे अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींची विडंबनं केली, सगळा महाराष्ट्र हसला. पण ती सारी छापील मजकुरावर होती. छापलं की माणूस आपणहून चव्हाट्यावर उभा राहतो. संपादकाच्या टेबलावरचं बाड तसं नसतं. ते एकाच्या भरवशावर, एकानं वाचावं म्हणून आलेलं असतं.

मासिकांच्या काळात हा भरवसा पोस्टानं सांभाळला. लेखक कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचा. नापसंत कथा त्याच पाकिटातून ‘साभार परत’ यायची. पोस्टमननं ते जाड पाकीट हातात ठेवलं की न उघडताच कळायचं आणि पोटात खड्डा पडायचा. पण कथा घरी आलेली असायची. कचेरीत तिचं काही उरत नसे, म्हणून दाखवायलाही काही नसे. मुंबईत ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तर लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. त्या मासिकावर चिडलेल्या तरुण लेखकांनी १९६९ मध्ये त्याची होळी केली, तीही छापलेल्या अंकाची.

ईमेल आणि मोबाइल आल्यावर ‘परत’ हा शब्दच निकामी झाला. फाइल पाठवणाऱ्याकडेही राहते आणि मिळालेल्याकडेही. ‘निवड झाल्यासच कळवू’ एवढं सांगून काम भागतं. अमेरिकेत २००९ मध्ये काही साहित्य-एजंटांनी, म्हणजे लेखकांची पुस्तकं प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या मध्यस्थांनी, आपल्याकडे आलेल्या फसलेल्या प्रस्तावांतले नमुने ‘क्वेरीफेल’ या खुणेखाली ट्विटरवर मांडले. लेखक संतापले आणि त्यांनी एजंटांच्याच चुका सांगणारं ‘एजंटफेल’ सुरू केलं.

नाव झाकलं तर काय बिघडलं, नवोदितांना शिकायलाच मिळतं, असं मला त्या ग्रुपवर सांगण्यात आलं. मला हे पटत नाही. शिकवायचंच असेल तर चुकीचा नमुना स्वतः रचता येतो. आणि नाव झाकलं तरी ज्यानं ती ओळ लिहिली त्याला ती ओळखू येतेच. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही अप्रकाशित लिखाणाला संरक्षण देतो. कागद माझ्या हातात आला म्हणून त्यावरची कविता प्रसिद्ध करण्याचा हक्क माझा होत नाही.

मी निवड करणाऱ्याला फोन केला. त्यानं फोटो काढून टाकला, पण तोवर तो पुढे गेला होता. मूळ कागद कुठे आहे, म्हणून विचारलं. ड्रॉवरमध्ये होता. त्याला टाचलेलं एक पाकीटही होतं, त्याच वळणदार अक्षरात पत्ता लिहिलेलं, तिकीट चिकटवलेलं.