जुनापाणीची दगडी वर्तुळं: थडगी आधी सापडली, गाव नंतर

नागपूरहून काटोल रोडने निघालं की थोड्या अंतरावर जुनापाणी आहे आणि तिथल्या माळावर दगडांची रिंगणं पसरलीयेत, एकदोन नाही, 300च्या आसपास. नुसतं बघितलं तर कुणीतरी गुरांसाठी वाडगं केलं असेल असंच वाटतं, आणि लोकही ही जुन्या गवळ्यांची ठाणी म्हणूनच सांगत आले. आहेत मात्र थडगी. मोठाले धोंडे गोल मांडायचे, आत मेलेल्याची हाडं न् सामान ठेवायचं, वर माती-गोट्यांची भर टाकायची. भर आता बरीच दबलीये, त्यामुळे रिंगणच तेवढं डोळ्यात भरतं.

1867 मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळं उकरली. लोखंडी हत्यारं मिळाली, पण साहेबाचा जीव अडकला तो दगडांवर कोरलेल्या छोट्या गोल खळग्यांत! असले खळगे ब्रिटनमधल्या जुन्या थडग्यांवरही असतात, मग काय, तो तिकडचं नातं जोडायला लागला.

त्यानंतर नीट खोदकाम व्हायला 1962 उजाडलं, तेव्हा पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथलीच तीन वर्तुळं खोदली. पण खरा प्रश्न वेगळाच होता, विदर्भात थडगी ढिगाने आणि घरं कुठेच नाहीत, मग हे लोक राहायचे कुठे, का नुसते फिरस्तेच होते? इथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांचं काम येतं. 1968-69 ला नागपूर जिल्ह्यातच टाकळघाटला वस्ती मिळाली, तिची थडगी खापाला. मग माहुरझरी, तिथे माणसाबरोबर घोडा पुरलेला, तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज आणि हाडांवर कापल्याच्या खुणा, म्हणजे मालक गेला म्हणून घोड्यालाही मारलं असणार (बिचारा). या सगळ्या लोकांचा काळ साधारण इ.स.पू. 1000 ते 300, कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांचं नावसुद्धा आपल्याकडे नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते याच जिल्ह्यातलं नैकुंड. तिथे वस्तीच्या जवळच लोखंड गाळायची भट्टी निघाली, गोलाई दिलेल्या मातीच्या विटा, भात्याची हवा आत सोडायच्या मातीच्या नळ्या, आजूबाजूला पडलेली मळी, म्हणजे लोखंड गाळून उरलेला कचरा. थडग्यातल्या कुऱ्हाडी न् सुऱ्यांचं लोखंड कुठून आलं म्हणून लांब शोधायची गरजच उरली नाही.