हातविणीच्या लेसची धुलाई व जतन

बॉबिन (दोरा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या), सुई, क्रोशे किंवा टॅटिंगने (छोट्या धोट्याने गाठी घालत) हाताने केलेली लेस घरच्या घरी धुण्याची व टिकवण्याची पद्धत. अशा लेसला मागे कापडाचा आधार नसतो. भिजल्यावर ती जड होते आणि एका कोपऱ्याला धरून उचलली की सगळे वजन दोनचार धाग्यांवर येते. जुनी लेस अशाच वेळी फाटते. म्हणून ओली लेस कधीही नुसती उचलायची नाही, हा पहिला नियम.

सुती व लिननच्या धाग्यातील सेल्युलोजचे हवा-उजेडाने ऑक्सिडीकरण होते आणि पिवळसर, आम्लधर्मी पदार्थ तयार होतात. त्यांतले बरेच पाण्यात विरघळतात. जुनी लेस भिजवलेल्या पाण्याला फिक्या चहासारखा रंग येतो तो त्यांचाच. ते निघून गेले की धाग्याची झीजही मंदावते, त्यामुळे ही धुलाई केवळ दिसण्यासाठी नसते. रेशमाचे मात्र वेगळे आहे. सुती आणि लिनन धागा ओला असताना अधिक बळकट होतो, रेशीम उलट कमजोर होते. अल्कलीही त्याला सोसत नाही. जरीची लेस आणि ठिसूळ झालेली काळी लेस घरी धुऊच नये. काळ्या रंगात बरेचदा लोहाचे क्षार वापरलेले असतात आणि तेच धागा आतून खातात. रंगाची खात्री नसेल तर पांढरा कापसाचा बोळा ओला करून लपलेल्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबावा. बोळ्याला रंग लागला तर तिथेच थांबावे. लेस मुद्दाम चहा-कॉफीच्या पाण्यात रंगवलेली असेल तर तो रंगही धुण्यात उतरतो.

तुटलेले टाके आधी सांधावेत, कारण भोक पाण्यात वाढते. मग लेस पांढऱ्या नायलॉनच्या जाळीवर सपाट पसरून सैल धावदोऱ्याने टाचावी. दोरा लेसच्या जाळीतून न्यावा, धाग्यात सुई खुपसू नये. उथळ ट्रेमध्ये कोमट पाण्यात तासभर भिजवून पाणी बदलावे. पाणी पिवळे येत राहील तोवर हेच करावे. साबणाची घाई नको. त्यानंतर लिटरला अर्धा चमचा सौम्य, सुगंध व चमकद्रव्य नसलेला द्रव डिटर्जंट घालून मऊ स्पंजने वरून हलकेच दाबावे. चोळणे आणि पिळणे पूर्ण वर्ज्य. फेस येणे थांबेपर्यंत चारपाच वेळा खळबळावे. शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे. नळाच्या पाण्यातले लोह धाग्यात राहिले तर पुढे तपकिरी ठिपके उमटतात.

क्लोरीनचे ब्लीच लेस पांढरी करते आणि धागा कमजोर करते. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ चोळण्याचा घरगुती उपाय त्याहून फसवा आहे: डाग फिका होतो, पण आम्ल नीट निघाले नाही तर काही काळाने त्याच जागी भोक पडते. असा डाग तसाच राहिलेला बरा.

वाळवताना लेस टॉवेलवर पसरून पाणी टिपावे आणि प्लास्टिकने झाकलेल्या जाड फोमवर मांडावी. आधी मधला भाग, मग कडा, शेवटी पिको, म्हणजे काठावरचे छोटे फास. प्रत्येक पिकोच्या फासात स्टेनलेस स्टीलची बारीक टाचणी उभी रोवून फास गोल करावा. ताण द्यायचा नाही. साधी टाचणी एका रात्रीतही गंजाचा डाग पाडू शकते. नीट टाचून वाळवलेल्या लेसला इस्त्री लागत नाही. खळ वापरायच्या वेळीच द्यावी. खळ तशीच ठेवून साठवली तर कसर येते आणि धागा घडीवर मोडतो.

साठवण सपाट किंवा आम्लविरहित कागद गुंडाळलेल्या नळीवर करावी. घडी टाळता येत नसेल तर तिच्यात कागदाची वळी भरावी. फ्रान्समधील आलाँसाँच्या लेसमध्ये काठाच्या पिकोत घोड्याचा केस असतो, तिला घडी मुळीच चालत नाही. (या लेसची कला २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.) लाकडी पेटी आणि साधे खोके आम्लाची वाफ सोडतात, पीव्हीसीची पिशवीही वाईट. पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो, मात्र लेस पूर्ण कोरडी हवी. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. ६५च्या वर बुरशीचा धोका वाढतो. डांबराच्या गोळ्या लेसला टेकू देऊ नयेत. वर्षातून एकदा लेस बाहेर काढून घड्यांची जागा बदलावी आणि पिवळा पडलेला कागद टाकून द्यावा.