एक नेम की सरबत्ती?

शनिवारी रात्री ऐरोलीहून भाऊ, वहिनी आणि भाचरं नौपाड्यात आमच्याकडे आली की जेवणं उरकल्यावर ‘बॅटलशिप’चं, म्हणजे समोरच्याची लपवलेली जहाजं अंदाजाने शोधून बुडवण्याच्या खेळाचं खोकं निघतं. गेल्या वेळी पहिल्याच डावात भाच्याने एका दमात पाच घरं पुकारली आणि माझी लेक उसळली, “एका वेळी एकच!” तो माझ्याकडे वळला. “आत्या, आमच्याकडे पाचच असतात.” नियमांचं पत्रक उघडलं तर दोघंही बरोबर होती. त्या खोक्यात खरं तर दोन खेळ आहेत, आणि बहुतेक घरांत त्यातला एकच रुळलेला असतो.

पट आणि जहाजं दोन्हींत तीच. १० बाय १० ची शंभर घरं. प्रत्येकाची पाच जहाजं: पाच घरांची विमानवाहू नौका, चार घरांची युद्धनौका, तीन-तीन घरांची क्रूझर आणि पाणबुडी, दोन घरांची विनाशिका. एकूण १७ घरं. जहाज आडवं किंवा उभं ठेवायचं, तिरकं नाही, आणि डाव सुरू झाला की हलवायचं नाही. (नव्या खोक्यांत विनाशिका तीन घरांची असते आणि दोन घरांचीला गस्ती नौका म्हणतात. नावांवरूनही भांडण होतं, म्हणून ती आधीच ठरवून घ्यावीत.)

साध्या खेळात आपल्या पाळीला एक घर पुकारायचं. समोरचा सांगतो, गोळा जहाजाला लागला की पाण्यात गेला. मग त्याची पाळी.

दुसऱ्या प्रकाराला पत्रकात सॅल्व्हो म्हटलेलं असतं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, सरबत्ती. आपली जितकी जहाजं तरंगत असतील तितके गोळे एका पाळीत डागायचे. सुरुवातीला पाच, एक बुडालं की चार. सगळी घरं आधी पुकारायची आणि मगच उत्तर ऐकायचं. इथे दोन चुका हमखास होतात. एक, समोरच्याची जहाजं मोजली जातात. मोजायची आपली असतात. दोन, गोळा लागलेलं जहाज गेलं असं धरतात. त्याची सगळी घरं लागून ते पूर्ण बुडेपर्यंत त्याचा गोळा शाबूत असतो.

हा गोंधळ जुनाच आहे. हा मुळात कागद-पेन्सिलीचा खेळ. १९३१ मध्ये अमेरिकेत तो प्रथम विकायला आला तो ‘सॅल्व्हो’ याच नावाने. आज ओळखीचा असलेला खुंट्यांचा प्लास्टिकचा पट मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९६७ मध्ये आणला, तो ‘बॅटलशिप’.

आता मला जे खरोखर सांगायचं आहे ते. सरबत्ती म्हणजे घाईचा साधा खेळ, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण नियम बदलला की जहाजांची किंमतच बदलते. साध्या खेळात दोन घरांची नौका फक्त शोधायला अवघड असते. ती बुडाली म्हणून कुणाची ताकद कमी होत नाही. सरबत्तीत मात्र तिचाही एक गोळा आणि पाच घरांच्या विमानवाहूचाही एकच. म्हणजे दोन नेमांत समोरच्याचा एक गोळा कायमचा कमी करता येतो, तेच विमानवाहूसाठी पाच नेम लागतात. सरबत्तीत सगळ्यात जास्त जपायची ती ही लहान नौका. आमचे बाबा तिला गलबत म्हणतात आणि ते मला फार पटतं. मराठ्यांच्या आरमारात मोठ्या तोफा गुराबांवर, म्हणजे शिडांच्या मोठ्या जहाजांवर असत, पण वारा पडला की वल्ह्यांची गलबतंच त्या गुराबांना ओढून नेत.

शोधण्याची रीतही वेगळी. साध्या खेळात बुद्धिबळाच्या पटासारखी एक सोडून एक घरं धरली तरी पुरतं, कारण कुठलंही जहाज निदान दोन घरांचं असल्याने त्याचं एक तरी घर त्या पन्नासांत येतंच. गोळा लागला की शेजारची चार घरं एकेक करून बघायची, दुसऱ्याच नेमाला दिशा कळली तर बाकीचे वाचतात. सरबत्तीत चारही शेजारी एकदम पुकारता येतात. त्यातला एक तरी लागणार हे नक्की, पण बाकीचे बहुधा पाण्यात जातात, आणि मधे थांबून विचार बदलता येत नाही. माझं मत असं की पहिली सरबत्ती पटभर विखरून टाकावी. नुसत्या अंदाजाने टाकलेल्या पाच गोळ्यांपैकी निदान एक लागण्याची शक्यता ६१ टक्क्यांच्या आसपास येते. एकाच गोळ्याची १७ टक्के.

याच आकड्यात सरबत्तीचा दोष आहे. जो आधी खेळतो तो बहुधा आधी बुडवतो, आणि ज्याचं जहाज बुडालं त्याचे गोळे कमी, म्हणून तो आणखी मागे पडतो. साध्या खेळात मागे पडलेल्यालाही शेवटपर्यंत एक नेम असतोच. म्हणून आम्ही आता पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत तीनच गोळे देतो. आमच्या घरचा नियम आहे, पत्रकातला नाही. लहान मूल खेळत असेल तर मी साधाच खेळ मांडते. ‘लागला तर पुन्हा नेम’ हा तिसरा नियमही पुष्कळ घरांत चालतो. तो साध्या खेळात खुशाल घ्यावा, सरबत्तीत अजिबात नको.

सरबत्तीचा एक कठीण प्रकार आहे, तो मोठ्यांनी जरूर खेळून बघावा. त्यात समोरचा फक्त “दोन लागले” एवढंच सांगतो, कोणते ते नाही. प्लास्टिकच्या पटावर हे मांडताच येत नाही, कारण घरात लागल्याची लाल खुंटी लावायची की चुकल्याची पांढरी तेच कळत नाही. त्याला गणिताची चौकोनी वही हवी. पुकारलेल्या प्रत्येक घरात खुणेऐवजी पाळीचा आकडा लिहायचा: पहिल्या सरबत्तीच्या पाच घरांत १, दुसरीच्या घरांत २, आणि बाजूला ‘१ – दोन लागले’. आडव्या ओळींना आम्ही क ख ग घ च छ ज झ ट ठ अशी दहा अक्षरं देतो आणि पंख्याच्या आवाजात ख की घ असा घोळ नको म्हणून अंकलिपीतल्यासारखं पुकारतो. परवा भाच्याने “जहाजाचा ज, सात” म्हटलं तेव्हा बाबांचं गलबत नेमकं तिथेच होतं. पण पाचांतला कोणता लागला हे भाच्याला आणखी तीन पाळ्या कळलं नाही.