स्पार्क प्लग काळा पडणे (जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांतील)

पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या टोकावर काजळी, ऑइल, न जळलेले पेट्रोल किंवा राख साठल्याने ठिणगी कमजोर होणे किंवा मुळीच न पडणे. गॅरेजच्या भाषेत प्लग ‘काळा पडला’, ‘ओला झाला’ किंवा ‘शॉर्ट झाला’ असे म्हणतात. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, आयडलिंगला थरथरते, चढावर पिकअप घेत नाही, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. थोडक्यात गाडी ‘मिसिंग मारते’. प्रीमियर पद्मिनी (१०८९ सी.सी., चार सिलिंडर) किंवा कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मारुती ८०० (७९६ सी.सी., तीन सिलिंडर) अशा गाड्यांत चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी पट्टी) हाताने ओढायचा असतो आणि पेट्रोल-हवेचे प्रमाण स्क्रूने जुळवायचे असते. त्यामुळे चुकीला जागा जास्त, आणि ती चूक आधी प्लगवर दिसते.

प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढरा सिरॅमिक इन्सुलेटर असतो. ठिणगीला गॅप (मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधली फट) ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. इन्सुलेटरवर काजळी चढली की वीज गॅपमधून उडी न मारता काजळीवरून सरपटत प्लगच्या लोखंडी अंगात उतरते, आणि विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलचा दाब चढायच्या आतच गळून जातो. इन्सुलेटरचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले की काजळी आपोआप जळून जाते. ८५० अंशांच्या बरेच वर गेले, तर ते टोकच निखाऱ्यासारखे काम करते आणि ठिणगीआधी मिश्रण पेटवते. प्लगची सारी निवड या दोन आकड्यांच्या मध्ये राहण्यासाठी असते. घर ते बाजार दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचे प्लग खालचा आकडा गाठतच नाहीत. अशी गाडी पूर्ण निर्दोष असली तरी तिचे प्लग काळे निघतील.

प्लग काढणे. इंजिन थंड असावे. पद्मिनीचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण, प्लग ज्यात बसतात ते) अ‍ॅल्युमिनियमचे आहे. तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटे सोबत येऊ शकतात. वायर धरून ओढू नये, कॅप धरून ओढावी. प्लग अर्धा फेरा सैल करून पंपाने खड्ड्यातली धूळ उडवावी आणि मगच पूर्ण काढावा. नाहीतर ती वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. पुठ्ठ्याला चार भोके पाडून त्यावर १, २, ३, ४ लिहावे आणि प्लग त्याच क्रमाने खोचावेत. कोणता प्लग कुठल्या सिलिंडरचा हे विसरले, तर निदानाचा निम्मा पुरावा गेला. निदानासाठी प्लग काढायचा असेल, तर आधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी आणि थांबताच बंद करावी, मग थंड झाल्यावर प्लग काढावा. चोकवर सुरू करून पाच मिनिटे उभ्या ठेवलेल्या गाडीचा प्लग फक्त त्या पाच मिनिटांची हकीकत सांगतो.

प्लग वाचणे. फिकट तपकिरी किंवा करडे टोक म्हणजे सगळे ठीक. ही जुनी खूण शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून चांगला प्लगही बराच पांढुरका दिसतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने त्यात भर घातली: इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेच जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. नुसता पांढुरका रंग पाहून घाबरू नये. इन्सुलेटरवर बारीक चकाकणारे ठिपके किंवा फोड असले, इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या दिसल्या, तर मात्र गाडी चालवणे थांबवून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि मिश्रण तपासावे.

कोरडी, मखमलीसारखी, बोटाने पुसली जाणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. सगळेच प्लग सारखे काळे असतील, तर आधी चोकची केबल पाहावी. डॅशबोर्डवरची कळ पूर्ण आत असूनही कार्ब्युरेटरवरची पट्टी थोडी बंद राहणे हा फार सामान्य आणि फुकटात दुरुस्त होणारा दोष आहे. त्यानंतर एअर फिल्टर, फ्लोटची पातळी, झिजलेली नीडल व्हॉल्व्ह (ही दोन्ही कार्ब्युरेटरमधले पेट्रोल ठरावीक उंचीवर रोखतात). डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटलेला असू शकतो. तेव्हा ऑइलही बदलावे लागते. एकच प्लग काळा असेल, तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नये. चारही सिलिंडरना मिश्रण तिथूनच जाते. शेजारच्या सिलिंडरशी तो प्लग बदलून पाहावा, मग वायर. दोष प्लगसोबत हलला तर प्लग खराब, वायरसोबत हलला तर वायर, जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचे आतले काम.

ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे इंजिन ‘फ्लड’ झाले किंवा ठिणगी पडलीच नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या (एकेका प्लगला वीज वाटणारा भाग) कॅपमध्ये आतून दव साठते, त्या वेळी हमखास असे होते. कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसावी, प्लग वाळवावेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चोकशिवाय स्टार्टर द्यावा. बहुतेक वेळा नवे प्लग लागत नाहीत.

ओला, पण चकचकीत आणि चिकट काळा प्लग म्हणजे ऑइल. इथे निळा धूर कधी निघतो ते पाहावे. घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की भपकन निघत असेल, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड. चढावर सतत निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा. खात्री करायची असेल तर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजावे. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा ठळक वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. अशा गाडीला महागडे इरिडियम प्लग घालणे म्हणजे पैसे वाया.

प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर, लोखंडाला लागून तपकिरी कडे दिसते. ते गळतीचे नाही. उच्च दाबाच्या विजेने हवेतील तैलकण तिथे चिकटतात. याची काळजी नको. मात्र त्याच पांढऱ्या भागावर उभ्या काळ्या रेघा असतील, तर वीज बाहेरूनच उडते आहे. तेव्हा प्लगबरोबर वायरची कॅपही बदलावी.

साफ करावा की बदलावा? कोरडी काजळी असेल आणि कडा अजून धारदार असतील, तर पेट्रोलमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करून चालते. तारेचा ब्रश इन्सुलेटरवर घासू नये. धातूच्या रेघा उमटतात आणि त्यांवरूनही वीज गळते. वाळूच्या मशिनीत साफ केल्यास आतल्या खोबणीत अडकलेला कण इंजिनात जातो. साध्या निकेल इलेक्ट्रोडच्या प्लगचे आयुष्य सुमारे १५ ते २० हजार किलोमीटर. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या, की साफसफाई म्हणजे निव्वळ दिवस ढकलणे. बदलायचे तर पूर्ण सेट बदलावा.

बदली प्लग निवडणे. चार गोष्टी जुळल्याच पाहिजेत: आट्यांचा व्यास (बहुतेक जुन्या गाड्यांत १४ मि.मी., पिच १.२५), आट्यांची लांबी (सामान्यतः १२.७ किंवा १९ मि.मी.), बसण्याची पद्धत (वॉशरची सपाट किंवा शंकूसारखी) आणि उष्णतेचा दर्जा (प्लगचे टोक किती तापते त्याची पायरी). लांबी चुकणे सर्वांत महाग पडते. लांब प्लग आखूड जागी बसवला तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला ठोकू शकतो, आणि बाहेर आलेल्या आट्यांवर कार्बन बसून पुढे प्लग निघत नाही. दुकानात जुना प्लग घेऊन जावे. पण आधीच्या मालकाने चुकीचा बसवला असण्याची शक्यता धरून मॅन्युअलमधला नंबरही न्यावा.

उष्णतेच्या दर्जाचे आकडे कंपनीगणिक उलटे चालतात, आणि काउंटरवर घोटाळा होतो तो इथेच. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’, म्हणजे टोक कमी तापणारा. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की ‘गरम’. एनजीकेचा बी-पी-६-ई-एस, बॉशचा डब्ल्यू-७-डी-सी आणि चॅम्पियनचा एन-९-वाय-सी हे जवळपास एकाच दर्जाचे. एनजीकेच्या नंबरातील ‘ई’ म्हणजे १९ मि.मी. लांबी, ‘एच’ म्हणजे १२.७, आणि ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. जुन्या डब्यांवर दिसणारे ‘मायको’ हे नाव बॉशच्याच भारतीय कंपनीचे. २००८ मध्ये ते बदलले. काळा पडतो म्हणून थेट गरम प्लग घालू नये. आधी चोक, फिल्टर, तसेच डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि त्यांचा कंडेन्सर नीट करावेत. गाडी खरोखरच फक्त गावातल्या गावात फिरत असेल, तर एक पायरी गरम चालते. तीच गाडी मग भर उन्हाळ्यात हायवेवर ताणली तर धोका आहे. सीएनजीवरच्या गाडीत काजळी कमी, पण ठिणगीला विजेचा दाब जास्त लागतो. म्हणून गॅप थोडा कमी ठेवतात.

बसवणे. डब्यातून काढलेल्या प्लगचा गॅप बरोबर आहे असे धरू नये. फिलर गेजने मोजावा. पॉइंटच्या इग्निशनला साधारण ०.६ ते ०.७ मि.मी., इलेक्ट्रॉनिकला ०.८ च्या पुढे, मॅन्युअल सांगेल तो अंतिम. वाकवायचा तो बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्याला हात लावू नये. वायरची कॅप आट्यांवर बसणारी असेल, तर प्लगच्या डोक्यावरची छोटी नट काढावी; नट ठेवायची असेल तर पक्कडीने घट्ट करावी, सैल राहिली तर नवा प्लगही मिसिंग मारतो. प्लगच्या शेंड्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा खोचून बोटांनी फिरवत आटे लावावेत. आटे तिरके लागले तर नळी घसरते, हेड वाचते. हाताने पूर्ण बसल्यावर नवा वॉशर असलेला १४ मि.मी.चा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आवळावा, तोच प्लग पुन्हा बसवताना बारावा हिस्सा फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावल्यास तोच आकडा जास्त आवळतो, म्हणून कोरडेच बसवावेत. वायरी पद्मिनीत १-३-४-२ आणि मारुती ८०० मध्ये १-३-२ या क्रमाने लागतात. पाचेकशे किलोमीटरनंतर एक प्लग काढून पाहावा. तो पुन्हा काळा निघाला तर दोष अजून इंजिनातच आहे.